नणंदेचा बर्फाचा डबा

माझी नणंद कॅन्सरवर संशोधन करते. घरी कुणी नवीन माणूस आलं की चहा उकळायच्या आत त्याला हे सांगून झालेलं असतं. मला ती आवडत नाही. इतक्या स्पष्टपणे मी हे कुणाला बोललेले नाही, कारण चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. माहेरीही निघत नव्हता. कागदावर निघतो. शाळा चौथीपर्यंत झाली, पाचवीचा वर्ग घाट उतरून पलीकडच्या गावात होता, म्हणून तिथेच थांबली. तेवढ्या चौथीवर मी लिहिते, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई दुपारी झोपतात तेव्हा.

राग कुठून सुरू झाला ते मला पक्कं माहीत आहे. आत्याबाईंच्या गालाच्या आत गाठ आली आणि ऑपरेशन ठरलं, त्या दिवसापासून. सकाळी त्यांना आत नेताना हातातल्या पाटल्या, कानातलं, गळ्यातली माळ, सगळं काढून नर्सने माझ्या ओंजळीत ठेवलं. मी ते पदराच्या गाठीत बांधलं आणि दारासमोरच्या बाकावर बसले. शेजारी माझी धाकटी जाऊ. दोन्ही भाऊ, म्हणजे आमचे हे आणि दीर, खिडकीपाशी. आणि दाराला अगदी चिकटून नणंद उभी होती. तिच्या हातात थर्माकोलचा डबा होता, झाकणाच्या फटीतून पांढरा धूर येत होता. धुराचा बर्फ मी पहिल्यांदाच बघत होते. मला वाटलं, आईच्या सुजेवर ठेवायला आणला असेल.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. हिरव्या कपड्यातल्या माणसाने तिला बोटाच्या पेराएवढी कुपी दिली. तिने ती डब्यात टाकली, झाकण दाबलं आणि जिन्यावरून पळत खाली गेली. आई अजून आत टेबलावर होती. जाऊ मला म्हणाली, आईचं तोंड बघायलासुद्धा थांबली नाही. आमचे हे म्हणाले की गाठीचा तो तुकडा लगेच गोठवावा लागतो, उशीर झाला की वाया जातो. असेल तसं. पण आत्याबाई शुद्धीवर आल्या तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी हाताने खूण करून लेक कुठे आहे ते मला विचारलं. सगळ्यांना सोडून मलाच विचारलं. मी पदराची गाठ वर करून दाखवली, की दागिने माझ्याकडे आहेत, काळजी करू नका. त्यांनी मान वळवली. लेक संध्याकाळी आली.

गाठ गेली, त्याबरोबर एका बाजूचा जबडाही गेला. नळीने पाणी घालणं, खिमट गाळून देणं, लाळ पुसणं, उशीचे अभ्रे दिवसातून कितीदा धुणं, हे मी आणि जावेने केलं. नणंद गंगापूर रोडला राहते. ती रविवारी यायची आणि सफरचंदं आणायची. ज्या बाईचं तोंड उघडत नाही तिला सफरचंदं. ती आमची पोरं खायची आणि आत्याला थँक्यू म्हणायची.

आत्याबाई मशेरी लावायच्या. मशेरी म्हणजे तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजून केलेली पूड. शहरातल्या मुलींना आता हे सांगावं लागतं. बोटावर चिमूट घ्यायची, दातांवरून हिरड्यांवरून फिरवायची आणि खालच्या ओठात धरून बसायचं. पोट साफ होतं म्हणून, दात दुखतो म्हणून, भूक मरते म्हणून, सुरुवात कशानेही होते. माझी माहेरी भाताच्या लावणीत झाली. आई म्हणाली, दिवसभर चिखलात वाकायचं तर थोडी लाव, कंबर दुखायची नाही. सासरी आल्यावर भाजायचं काम माझ्याकडे आलं. मागच्या दारी तवा, नाकाला पदर, आणि तरी ठसका लागायचाच. आत्याबाईंना माझ्या हातची आवडायची. जावेची कच्ची राहते असं त्या तिच्या तोंडावर सांगायच्या.

पण सुनेने सासूसमोर मशेरी लावायची नाही. भाजून द्यायची, त्यांची डबी भरून द्यायची आणि स्वतःची चिमूट मोरीत, दार लावून. सासूला माहीत असतं. आपले दात काळे पडलेले असतात, बोटाला वास असतो, तव्यावरची पूड डबीत कमी भरते. जावेला माहीत असतं, पुरुषांनाही माहीत असतं. बोलायचं नसतं, एवढंच. बाहेरचं कुणी आलं की सासू म्हणते, माझ्या सुनांना कसली सवय नाही, आणि सुना खाली बघतात. यात कुणी कुणाला फसवत नाही. आत्याबाईही त्यांच्या सासूसमोर अशाच खाली बघत असणार.

नणंदेला हे कळायला हवं होतं, ती याच घरातली. पण लेकीचं वेगळं असतं. लेकीला कुणी तव्यापाशी बसवलं नाही. दहावीनंतर ती वसतिगृहात गेली, मग पुण्याला, मग आणखी लांब, आणि परत आली ती लोक उठून उभे राहतील अशी होऊन.

आत्याबाईंना पुन्हा थोडं बोलता यायला लागलं तेव्हा त्यांनी एका रविवारी तिला विचारलं, "माझ्या गाठीचं काय केलं गं तू?"

आमची द्राक्षबाग दिंडोरीकडे आहे, दीर ती बघतात. नणंदेने बागेतलाच दाखला दिला. म्हणाली, "आई, छाटणी झाल्यावर काडीवरचे डोळे आठवतात ना? काडी एकच, डोळे सगळे सारखे. पण पेस्ट लावली नाही तर अर्धे फुटतच नाहीत. ते मेलेले नसतात, झोपलेले असतात. तुझ्या गालातही असे जीन होते, वाढ थांबवणारे. ते तुटलेले नाहीत. तंबाखूने त्यांना झोपवलं, म्हणून गाठ वाढत गेली."

"मग उठव की त्यांना."

"तेच करतेय. त्यांना उठवणारी पेस्ट शोधतेय."

"तवर मी राहते का," आत्याबाई म्हणाल्या, आणि वाकड्या तोंडाने हसल्या.

मला ते सगळं तिथेच समजलं. लग्नानंतर पहिली काही वर्षं मी बागेत रबरी हातमोजे घालून डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटायच्या जागांना, पेस्ट लावली आहे. झोपलेला डोळा आणि मेलेला डोळा बाहेरून सारखाच दिसतो. नणंदेने भावांना विचारलं, कळलं का. जावेला विचारलं, कळलं का. माझ्याकडे वळून म्हणाली, "वहिनी, चहा ठेवता का?"

मी चहा ठेवला.

काही महिन्यांनी ती ब्रश घेऊन आली. दात घासायचा ब्रश नाही, कान कोरायच्या काडीएवढा बारीक. तो गालात आतून फिरवला की वरची साय निघावी तशी पेशी निघतात, आणि त्यातले डोळे उघडे की झोपलेले ते तिला मशीनवर बघता येतं. मशेरी लावणाऱ्या बायका तिला मिळाल्या होत्या. आता न लावणाऱ्या हव्या होत्या, त्याच घरांतल्या, त्याच पाण्यावर त्याच जेवणावर वाढलेल्या, म्हणजे दोघींत फरक फक्त मशेरीचा राहील. हे ती हॉलमध्ये उभी राहून सांगत होती. आत्याबाई खाटेवर बसल्या होत्या.

"वहिनी, तुम्ही मशेरी लावता? किंवा पूर्वी कधी?"

उत्तर आत्याबाईंनीच दिलं. "माझ्या सुना नाय लावत असलं काय."

मी खाली बघितलं. जावेने पदर तोंडाशी नेला. नणंद म्हणाली, "छान," आणि मला तोंड उघडायला सांगितलं. तिचे हात थंड होते. ब्रश गालात फिरवला, कुपीत टाकला, वर चिकटपट्टी लावली. मग जावेचा. नंतर ती गावी गेली आणि आमच्या नात्यातल्या, शेजारच्या घरांत तसंच विचारत फिरली. तिथेही सासवा खाटेवर असणार. सगळ्यांनी चहा पाजला, सगळ्यांनी एकच उत्तर दिलं. किती सहकार्य करतात आपली माणसं, असं ती परत येऊन म्हणाली.

त्यानंतर बराच काळ तिच्या कामाचं काही कानावर आलं नाही. माझ्या खालच्या ओठाच्या आत एक जागा ब्रशच्या आधीपासूनच पांढरी पडली होती, दुधावरच्या सायीसारखी, पण पुसून न जाणारी. जिभेला खरखरीत लागायची. तिखट लागलं की झोंबायची. मी भाजीत तिखट कमी घालू लागले, तर घरात बोलणी बसली की हल्ली जेवणाला चव नाही. आत्याबाईंची गाठही अशाच पांढऱ्या डागाने सुरू झाली होती, हे मला माहीत होतं. तेव्हा त्यांचं तोंड धुणारी मीच होते.

मग एका रविवारी नणंद पेढे घेऊन आली. इतक्या खुशीत मी तिला आधी बघितलं नव्हतं. जेवताना तिने सगळ्यांना सांगितलं की तिला काहीतरी सापडलंय. मशेरी लावणाऱ्या बायकांचे डोळे झोपलेले असणार हे ठाऊकच होतं. पण न लावणाऱ्यांतही पुष्कळ जणींचे झोपलेले निघाले. तिचं म्हणणं असं की हा घरात भाजण्याचा धूर असणार. तोंडात न घेताही, नुसत्या त्या घरात राहून. हैदराबादला मोठी परिषद आहे, तिथे ती हे मांडणार, मनमाडहून गाडी आहे.

"एकीचं तर आईइतकं वाईट निघालंय," ती म्हणाली, "आणि त्या बाईने जन्मात मशेरीला हात लावलेला नाही."

मी वाढत होते. माझी जीभ आपोआप त्या जागेवर गेली. समोर जाऊ भाकरी मोडत होती, तिचा हात थांबला. आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि मी भाकरी आणायला आत गेले.

जेवणं झाल्यावर नणंद ताट ठेवायला ओट्यापाशी आली. मी भांडी घासत होते. तिच्याकडे पाठ होती म्हणून मला विचारता आलं. "ताई, ती बाई कोण?"

"कोणती? हां, ती. मला माहीत नसतं, वहिनी. आमच्याकडे नावं नसतात, आकडे असतात. आकडा कुणाचा ते दुसऱ्यांकडे बंद करून ठेवलेलं असतं. नियमच आहे तसा."

"मग तिला कोण सांगणार?"

"तिला सांगायचं नसतं. ही तपासणी नाही, संशोधन आहे. एका आकड्यावरून एका बाईला काही सांगता येत नाही, उगाच घाबरवल्यासारखं होतं." मग नळाखाली हात धरून म्हणाली, "जाऊ द्या, तुम्हाला नाही कळायचं ते."

ती बाहेर गेली. मी तीच कढई किती वेळ घासत राहिले. आता विचार करते तेव्हा वाटतं, नियमाला काही कारण असेल. पण तोंड माझं. त्याची साल काढून नेली, ती कुठल्या तरी मशीनवर फिरली, तिच्यात काय आहे ते हैदराबादच्या लोकांना कळणार, पेढे वाटले जाणार, आणि जिचं तोंड तिला तेवढं कळवायचं नाही. हे कुठल्या शाळेत शिकवतात ते मला ठाऊक नाही. चौथीपर्यंत तरी नव्हतं.

संध्याकाळी गच्चीवर कपडे काढताना जाऊ म्हणाली, "जाऊ दे ना तिला हैदराबादला. सांगू दे सगळ्यांना, ह्या बघा माझ्या सोवळ्या वहिन्या. मोठ्या लोकांसमोर आपटली पाहिजे एकदा." आणि हसायला लागली. मीही हसले. खरं सांगायचं तर मला ते फार गोड वाटलं. मोठी खोली, खुर्च्या, ती माईकसमोर, आणि कुणीतरी उठून तिला विचारतंय, बाई, तुम्ही नीट विचारलं होतं का. रात्रीच्या भाकऱ्या थापताना मी तेच बघत होते.

हसता हसता जाऊ थांबली. म्हणाली, "तिखट का खात नाही तुम्ही? तोंड दाखवा."

मी ओठ खाली ओढला. तिचं हसू गेलं. "बाई. हे आत्याबाईंसारखं दिसतंय."

दवाखान्यात जा म्हणाली. कुठे जाणार? तिथला पहिला प्रश्न तोच असतो. सोबत आमचे हे असणार, त्यांच्यासमोर हो म्हणायचं, मग घरी येऊन आत्याबाईंच्या कानावर. ज्या बायका सुना म्हणून राहिल्या नाहीत त्यांना हे वेडेपणाचं वाटेल. एका प्रश्नाच्या भीतीने कुणी असलं तोंडात धरून बसतं का. बसतं. आणि माझ्या पुढ्यात तर रोज अर्ध्या जबड्याची बाई जेवत होती. काय होतं ते मला बघायला कुठे जायला नको होतं.

मी नणंदेला फोनही केला, एकदा नाही, पुष्कळदा. ती उचलायची, "बोला वहिनी, पटकन," आणि मी आत्याबाईंची गोळी संपल्याचं सांगायची.

ती निघायची होती त्या दिवशी दुपारी पाया पडायला आली. मनमाडपर्यंत गाडी केली होती, ती खाली उभी. आमचे हे टेम्पो चालवतात, तो जवळच्या द्वारका चौकात लावून मुद्दाम घरी आले होते. दीर आलेले. आत्याबाई नव्या लुगड्यात बसलेल्या. प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर दही ठेवतात, ते मी वाटीतून आणलं. नणंदेने हात पुढे केला, मी त्यावर दही ठेवलं आणि ती आईकडे बघून हसत म्हणाली, "वहिनींनाही घेऊन चाललेय बरं मी हैदराबादला. इथे तोंडातून एक शब्द निघत नाही, पण तिकडे त्यांचं तोंड बोलणार."

सगळे हसले. आमचे हेही हसले.

मी दह्याची वाटी खाली ठेवली. आत गेले. मिठाच्या बरणीमागे माझी डबी असते, ती घेतली. बाहेर येऊन आत्याबाईंच्या खाटेसमोर जमिनीवर बसले, डबी उघडली, बोटावर मशेरी घेतली आणि दातांना लावली. वरून, खालून, नेहमीसारखी. ती पांढरी जागा इतकी झोंबली की डोळ्यांतून पाणी आलं. मी थांबले नाही. द्वारकेच्या चौकातले हॉर्न घरात ऐकू येत होते.

आधी आत्याबाई बोलल्या. "लाज सोडली का गं?"

मग नणंद म्हणाली, "वहिनी, हे काय चाललंय?" आणि तेवढं बोलता बोलता तिला कळलं. कळत गेलेलं मी तिच्या चेहऱ्यावर बघितलं. हातावरचं दही तसंच होतं. "कधीपासून लावता?"

मी उठले, मोरीत जाऊन थुंकले, चूळ भरली. घाई केली नाही. तिला थांबू दिलं. "लग्नाच्या आधीपासून."

"मी तुम्हाला विचारलं होतं."

"आत्याबाईंसमोर विचारलं होतं."

"म्हणून खोटं सांगायचं? तुम्हाला कल्पना आहे, किती जणींचं..." ती थांबली आणि जावेकडे वळली. जाऊ स्वयंपाकघरात गेली. ते तिचं उत्तर. नणंदेचा आवाज खाली आला. "आणि गावातल्या?"

"त्यांना विचारा. एकेकीला. सासू नसताना."

एवढं मी त्या घरात एका दमात कधी बोलले नव्हते. आमचे हे माझ्याकडे असं बघत होते की दुसरंच कुणी आलंय.

आत्याबाईंनी लाळ पुसली. मला म्हणाल्या, "मला काय माहीत नाय का? पण माझ्यासमोर कशाला लावायची." आणि लेकीला, तितक्याच रागाने, "तुला कळू नये? तू बी ह्याच घरची हाय ना."

नणंद खाली बसली. म्हणाली की तुम्ही मुद्दाम आजचा दिवस धरलात. माझं काम बुडवायचं होतं तर आधीच बुडवायचं. म्हणाली की माझ्यावर तुमचा राग आहे हे मला आईच्या ऑपरेशनपासून माहीत आहे, पण इतका असेल असं वाटलं नव्हतं. मी म्हणू शकले असते की मी तुम्हाला जाऊ देणार होते, आजचं हे तर तुमच्या थट्टेमुळे झालं. म्हणाले नाही. तिला जे वाटत होतं तेही काही खोटं नव्हतं.

खाली गाडीवाला हॉर्न वाजवायला लागला. दीर त्याला थांबायला सांगायला गेले. तेव्हा मी म्हणाले, "ती आईइतकी वाईट निघालेली बाई मीच असेन."

"कशावरून?"

मी ओठ खाली ओढला. ती गुडघ्यावर सरकत आली, मोबाईलची बॅटरी लावली आणि माझी हनुवटी धरली. हात तसेच थंड. ती बराच वेळ बघत राहिली.

"हे तेव्हा होतं?"

"होतं. तुम्ही गालात ब्रश फिरवला. ओठाकडे बघितलं नाही."

तिने बॅटरी बंद केली. गाडी परत पाठवली. हैदराबादला फोन केला, इंग्रजीत बोलली, ते मला कळलं नाही, पण माफी मागतानाचा आवाज कुठल्याही भाषेत कळतो. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या सकाळी तयार राहा. काही खाऊ नका." पेशंटला सांगावं तसं.

दवाखान्यात तो प्रश्न पहिलाच आला. आमचे हे शेजारी होते. मी हो म्हणाले. डॉक्टरांनी ते ऐकून मानही वर केली नाही, पुढचा प्रश्न विचारला. ज्याला मी इतके दिवस भ्याले ते तेवढंच होतं. तुकडा काढून तपासला. कॅन्सर झालेला नव्हता, पण वाट तीच होती. सगळा डाग काढून टाकायचा ठरला, भूल देऊन.

त्या दिवसांत आत्याबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. पाणी मागायचं तर जावेला मागायच्या. एका दुपारी मी पायाशी पाणी ठेवलं तर म्हणाल्या, "दाव बरं तोंड." बघितलं, आणि उशीखालची आपली डबी काढून माझ्या हातात दिली. ऑपरेशननंतर त्या लावत नव्हत्या, नुसता वास घ्यायच्या. "दोन्ही फेकून ये," म्हणाल्या. मी फेकून आले.

नणंदेने काम पहिल्यापासून सुरू केलं होतं. पुन्हा गावी जात होती, या वेळी बायकांबरोबर मागच्या दारी बसत होती, एकेकीला विचारत होती. हे मला जावेकडून कळलं. मला तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ऑपरेशनच्या आधी तिचा फोन आला. म्हणाली, "वहिनी, तुमच्या त्या डागातला थोडा तुकडा द्याल का? कॅन्सर व्हायच्या अलीकडचा मिळत नाही कधी. डोळा पुरता झोपायच्या आधीचा."

द्याल का, असं तिने मला पहिल्यांदाच विचारलं होतं.

मी म्हणाले, "न्या. पण मी शुद्धीवर आल्यावर."

"तोवर तो खराब होतो. मिनिटांचा प्रश्न असतो."

"मग राहू द्या."

"तुम्ही आईच्या वेळचं काढताय."

"हो."

ती चिडली. म्हणाली की तुमच्या एका रागापायी उद्या कितीतरी बायकांचं नुकसान होईल, त्याचा तरी विचार करा. मी विचार केला. अजून करते. तिचं खरं असेल. झोपलेले डोळे उठवायची पेस्ट त्या तुकड्यातून निघाली असती की नाही ते मला कोण सांगणार, तिलाही ठाऊक नाही. पण मी हो म्हणाले नाही.

ऑपरेशनच्या दिवशी आत नेताना नर्सने माझ्या बांगड्या उतरवल्या, मंगळसूत्र काढलं. जावेने हात पुढे केला. तिच्या आधी दुसरा हात आला. मी झोपल्या जागेवरून मान वळवून बघायचा प्रयत्न केला, की त्या दुसऱ्या हातात डबा आहे का, बाकाखाली आहे का. दिसलं नाही. दार लागलं.

जाग आली तेव्हा ओठात टाके होते आणि तोंड बधिर. नणंद स्टुलावर बसली होती. थर्माकोलचा डबा कुठे नव्हता. तिचे डोळे लाल होते, ते रडण्याने की बसून राहिल्याने ते मी विचारलं नाही, आणि त्या दिवशी मला बोलता येत नव्हतंच. तिने ओढणीच्या टोकाची गाठ सोडली आणि बांगड्या माझ्या पांघरुणावर ठेवल्या, वर मंगळसूत्र.

"मोजून घ्या," ती म्हणाली. "नंतर म्हणाल कमी होत्या."

मी उशीला टेकून बसले आणि तिच्यासमोर एकेक करून मोजल्या. सावकाश. ती दाराकडे बघत बसून राहिली.